विमान उभं ठेवू नका

माझं सेस्ना १७२ हे १९७४ सालचं, लायकमिंगच्या १५० अश्वशक्तीच्या इंजिनाचं. ओहायोतल्या एका छोट्या विमानतळावर हँगरमध्ये असतं. इथे नव्याने विमान घेणाऱ्या मराठी मित्रांना मी पहिली गोष्ट सांगते: ते उडवत राहा. या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो. इंजिन बंद झालं की त्यावरचं तेल निथळतं आणि दमट हवेत तो गंजतो. जमिनीवर दहा मिनिटं इंजिन फिरवून समाधान मानू नका. तेवढ्याने तेल तापत नाही, उलट ज्वलनातून आलेलं पाणी त्यात साठत जातं. तेल १८० अंश फॅरनहाइटच्या आसपास निदान अर्धा तास राहील इतकं तरी उडा.

तेल आणि फिल्टर दर ५० तासांनी किंवा ४ महिन्यांनी बदला, जे आधी येईल ते. अमेरिकेत पायलट असलेल्या मालकाला हे स्वतः करता येतं, आणि करावंच. तेल गरम असताना काढा, म्हणजे गाळही सोबत येतो. धार मध्यावर आली की तिच्यातून छोटी बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवा. एका अहवालाने फारसं कळत नाही. तेलातल्या लोखंडाचं प्रमाण दर अहवालात चढत असेल तर मात्र लक्ष द्या.

जुना फिल्टर फेकायचा नाही. तो कटरने कापा, करवतीने नको, तिचा कीस आत पडतो आणि मग कीस कुठला नि इंजिनाची झीज कुठली ते ओळखता येत नाही. आतला घड्यांचा कागद सुटा करा, शिकंज्यात दाबून तेल काढा, उलगडून उन्हात तिरपा धरा. बोटांत चुरडणारे काळे कण कार्बनचे. चमक दिसली तर लोहचुंबक फिरवा. कण बऱ्यापैकी चिकटले तर मेकॅनिकने पाहिल्याशिवाय उडू नका.

नव्या फिल्टरच्या रबराला उत्पादकाने सांगितलेलं वंगण लावा, टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा. फिल्टर सैल होऊ नये म्हणून बांधायची तार, म्हणजे सेफ्टी वायर, अशी पिळा की ती फिल्टरला आवळण्याच्या दिशेनेच ओढेल. इंजिन चालवून गळती बघा. मग लॉगबुकात काम, तारीख, सही, परवान्याचा प्रकार आणि क्रमांक.

वार्षिक तपासणी दर १२ महिन्यांनी, तीही आयए (इन्स्पेक्शन ऑथरायझेशन), म्हणजे अशा तपासणीचा खास अधिकार, असलेल्या मेकॅनिककडून. त्या दिवशी सुट्टी काढा आणि पॅनेल उघडायला हात लावा. सीटच्या रुळांपाशी स्वतः वाका. एअरवर्दीनेस डायरेक्टिव्हनुसार, म्हणजे विमान नियामकाच्या सुरक्षा आदेशानुसार, रुळांची तपासणी सक्तीची आहे. सीट अडकवणारी खीळ बसते ती भोकं लांबट झाली किंवा रुळाला चीर गेली, तर टेकऑफच्या वेळी सीट मागे सरकते. पायलट हातातल्या योकला, म्हणजे विमानाच्या सुकाणूला, धरून राहतो, विमानाचं नाक वर उठतं, आणि पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी दोन्ही पुढच्या सीटा पुढे-मागे जोर लावून हलवून बघा, दर वेळी.