कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवलेली जुनी गाडी थंडीत बंद पडते? या चुका टाळा

मे महिन्यात इंजेक्शन बसवून घेतलेली आमची पद्मिनी पावसाळाभर झकास चालली. जानेवारीत पहाटे १७ अंश झाले आणि सोसायटीच्या पार्किंगमध्येच तिची तक्रार सुरू झाली. सेल्फ मारला की लगेच स्टार्ट, चार सेकंद घरघर आणि बंद. चौथ्या खेपेला रेस धरून ठेवली की चालायची, मग दिवसभर काही त्रास नाही. मी आधी पेट्रोल पंप बदलला, मग प्लग, मग कॉइल. तिन्ही खर्च वाया गेले. तुमचे तरी वाचावेत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ईसीयूला, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, काय वाटतंय ते न बघताच सुटे भाग बदलत सुटणं. सकाळी लॅपटॉप जोडा, किल्ली नुसती ऑन करा, सेल्फ मारू नका. गाडी रात्रभर उभी होती, म्हणजे हवेचं आणि कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान जवळपास सारखंच दिसायला हवं. माझ्याकडे हवा १७ अंश आणि कूलंट २५! इंजिन आहे त्यापेक्षा गरम आहे असं समजून ईसीयू पेट्रोल कमी सोडत होता.

कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर खराब नव्हता, दुसऱ्या जातीचा होता. आटे तेच, वायरचा प्लगही तोच, म्हणून बसला. पण एका जातीच्या सेन्सरचा रोध २० अंशांना अडीच किलोओहम असतो, दुसऱ्याचा साडेतीन. ८० अंशांना मात्र दोन्ही सव्वातीनशे ओहमच्या आसपास येतात. त्यामुळे गरम इंजिनवर आकडा अचूक दिसतो आणि सेन्सरवर कुणाचा संशय जात नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा मल्टिमीटर घ्या, पातेल्यात पाणी तापवा, सेन्सर बुडाला टेकणार नाही असा दोऱ्याने सोडा आणि थर्मामीटर बघत तीन-चार तापमानांना रोध लिहून काढा. तो ईसीयूतल्या तक्त्याशी जुळला नाही, तर दोघांपैकी एक बदलावाच लागेल.

सेन्सर जुळवूनही माझी गाडी अर्धीच सुधारली. कारण ट्यूनिंग मुंबईच्या उन्हाळ्यातलं होतं. ३२ अंशांना ट्यून केलेल्या नकाशात, म्हणजे किती तापमानाला किती पेट्रोल सोडायचं त्या ईसीयूतल्या तक्त्यात, १५ अंशांचा रकाना कुणी तपासलेलाच नसतो, तिथे आयता अंदाजाचा आकडा पडून असतो. तो दुरुस्त करायला धीर लागतो, कारण खरा कोल्ड स्टार्ट दिवसातून एकदाच मिळतो. म्हणून एका सकाळी एकच आकडा बदला आणि वहीत लिहा. दोन बदललेत तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

इथे आणखी एक गफलत होते. जुना चोक दोन कामं करायचा: पेट्रोलचं प्रमाण वाढवायचा आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किंचित उघडायचा. इंजेक्शन बसवताना पहिलं काम लक्षात राहतं, दुसरं राहून जातं. गाडी बंद पडायच्या बेतात असताना अ‍ॅक्सिलरेटर अगदी हलका दाबून बघा. तेवढ्याने सावरली तर हवा कमी पडतेय, म्हणजे आयडल व्हॉल्व्ह (पाय न दाबता इंजिनाला हवा पुरवणारा) बघा. दाबल्यावर खोकून मेली तर पेट्रोल कमी. काळा धूर आणि ओले काळे प्लग असतील तर पेट्रोल जास्त.

जुन्या गाड्यांचा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं म्हणून मेकॅनिक काढून टाकतात. कार्ब्युरेटरवर ते खपून जायचं. इंजेक्शनवर नाही. सकाळच्या मोकळ्या हायवेवर इंजिन ५०-६० अंशांवरच रेंगाळतं, ईसीयू ते थंडच समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि सिग्नलला गाडी गुदमरते. थर्मोस्टॅट परत बसवा. गाडी तापत असेल तर दोष रेडिएटरमध्ये किंवा फॅनमध्ये शोधा.

बॅटरी आणि अर्थिंग पाच मिनिटांत तपासून होतं. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर इंजेक्टर उशिरा उघडतात, कधी ईसीयूच रीसेट होतो. ट्यूनिंग जुन्या पेट्रोलवर झालं असेल तर ई-२० वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं: शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, त्यामुळे थंडीत फरक अधिक जाणवतो.

घाटातला प्रकार मात्र वेगळा. कसारा घाट चढताना दमट गारव्यात गाडी वीस मिनिटं नीट चालून मग दम तोडत असेल आणि दहा मिनिटं उभी केल्यावर आपोआप सुरू होत असेल, तर थ्रॉटलवर बर्फ धरत असण्याची शक्यता असते. कार्ब्युरेटरच्याच जागी बसणाऱ्या, थ्रॉटलच्या वरून पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनवर हे जास्त होतं. गॅरेजला पोचेपर्यंत बर्फ वितळलेला असतो, म्हणून कुणाला काही सापडत नाही. बंद पडल्या पडल्या एअर फिल्टर काढून टॉर्चने आत बघा. कडेला पांढरा थर दिसला तर ट्यूनिंगला हात लावू नका, एक्झॉस्टजवळची गरम हवा फिल्टरपर्यंत आणणारा पाइप बसवून घ्या.