इंग्लंडमध्ये जीपीविरुद्ध तक्रार करताना आणि प्रॅक्टिस बदलताना या चुका टाळा

महाराष्ट्रात एखाद्या डॉक्टरांचे औषध लागू पडले नाही किंवा त्यांचे वागणे खटकले, तर आपण कोणाला काही न सांगता पुढच्या वेळी दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढतो. फाइल आपल्याच हातात असते आणि नव्या डॉक्टरांकडे सगळे पहिल्यापासून सुरू होते. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना हीच सवय अडचणीत आणते, कारण नेहमीच्या गोळ्या, रक्ततपासण्या आणि रुग्णालयातील तज्ज्ञांकडे पाठवणारे रेफरल हे सारे ज्या जीपी (फॅमिली डॉक्टर) प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे दवाखान्यात, आपले नाव नोंदवलेले असते तिच्यामार्फतच होते. तिथे काही बिनसले, की कोणी वर्षभर मनातल्या मनात धुमसत राहतो, तर कोणी तडकाफडकी प्रॅक्टिस बदलून मोकळा होतो. दोन्हींत नुकसान रुग्णाचेच होते आणि ते बहुतेक वेळा टाळता येण्यासारखे असते. पुढील माहिती इंग्लंडपुरती आहे; स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील तक्रारीची व्यवस्था वेगळी आहे.

तक्रार आणि बदल यांची गल्लत करणे

सर्वांत मोठी चूक हीच, आणि बाकीच्या अनेक चुका तिच्यातूनच निघतात. तक्रार ही घडून गेलेल्या गोष्टीबद्दल असते, तर प्रॅक्टिस बदलण्याचा निर्णय पुढच्या उपचारांबद्दल असतो. तक्रार केली म्हणून प्रॅक्टिस सोडावी लागत नाही, आणि सोडली म्हणून तक्रारीचा हक्क संपत नाही. रागाच्या भरात नाव काढून घेणाऱ्यांना वाटते की प्रश्न मिटला. पण तुमची वैद्यकीय नोंद तुमच्यामागोमाग नव्या प्रॅक्टिसमध्ये जाते, त्यामुळे तिच्यात पेनिसिलिनच्या ॲलर्जीचा उल्लेख राहून गेला असेल, तर ती उणीवही तशीच पुढे जाते. जी चूक नोंदीत आहे ती सांगून, लेखी दुरुस्त करून घेतल्याशिवाय सुटत नाही.

गाऱ्हाणे नेमके कशाचे आहे, हेही आधी स्वतःशी स्पष्ट केले पाहिजे. सकाळी आठ वाजता फोन लागत नाही, हा अनुभव एकट्या तुमच्या प्रॅक्टिसचा नाही, आणि केवळ त्यापायी प्रॅक्टिस बदलली तर पलीकडच्या गल्लीत तोच अनुभव पदरी पडण्याची शक्यता बरीच असते. मात्र ‘आज जागा नाही, उद्या पुन्हा फोन करा’ एवढेच सांगून बोळवण करणे हे प्रॅक्टिसने एनएचएसशी (सरकारी आरोग्यसेवेशी) केलेल्या २०२३ पासूनच्या करारात बसत नाही. पहिल्याच संपर्कात तुमच्या गरजेचा अंदाज घेणे किंवा योग्य ठिकाणी पाठवणे प्रॅक्टिसला बंधनकारक आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते सायंकाळी ६:३० या वेळेत ऑनलाइन विनंतीची सोयही खुली ठेवावी लागते. या गोष्टी पाळल्या जात नसतील, तर ती तक्रारीची रास्त बाब आहे. डॉक्टरांऐवजी फार्मासिस्ट किंवा नर्स यांनी तपासले, ही त्या मानाने तक्रारीची गोष्ट नव्हे. समोरची व्यक्ती डॉक्टर नाही हे तुम्हाला सांगितलेच गेले नाही, ही मात्र नक्कीच आहे.

चुकीचे दार ठोठावणे

संतापलेला माणूस थेट जनरल मेडिकल कौन्सिलला पत्र लिहितो. ही संस्था डॉक्टर व्यवसाय करण्यास योग्य आहेत की नाहीत, हे पाहते. चिठ्ठी उशिरा मिळाली किंवा फोन परत आला नाही, अशा गोष्टींत ती पडत नाही. केअर क्वालिटी कमिशन प्रॅक्टिसची तपासणी करते आणि तुम्ही कळवलेली माहिती ध्यानात घेते, पण एकेका रुग्णाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही. रुग्णालयातील ‘पॅल्स’ हा रुग्ण साहाय्य कक्ष रुग्णालयाच्याच सेवेसाठी असतो. गूगलवर एक तारा देऊन सविस्तर हकीकत लिहिणे तर दुहेरी नुकसानीचे आहे, कारण तुमचा आजार चारचौघांत जातो, आणि गोपनीयतेच्या बंधनामुळे प्रॅक्टिसला त्यावर धड उत्तरही देता येत नाही.

योग्य दारे दोनच आहेत. पहिले म्हणजे प्रॅक्टिस स्वतः, बहुतेक वेळा प्रॅक्टिस मॅनेजर; दुसरे म्हणजे तुमच्या भागातील आरोग्यसेवांची व्यवस्था पाहणारे इंटिग्रेटेड केअर बोर्ड. १ जुलै २०२३ पूर्वी हे दुसरे काम एनएचएस इंग्लंड करत असे आणि इंटरनेटवर अजूनही तो जुना पत्ता अनेक ठिकाणी सापडतो. या दोहोंपैकी एकच निवडायचे असते. प्रॅक्टिसने चौकशी करून उत्तर दिले आणि ते पटले नाही, म्हणून तीच तक्रार बोर्डाकडे नव्याने नेता येत नाही. त्यापुढची पायरी पार्लमेंटरी अँड हेल्थ सर्व्हिस ओम्बड्समन या स्वतंत्र तक्रार लवादाची आहे. माझ्या मते साध्या चुकीसाठी प्रॅक्टिसकडेच जावे, कारण दुरुस्ती तिच्याच हातात असते. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे तेच प्रॅक्टिसचे सर्वेसर्वा असतील, किंवा विश्वासच उडाला असेल, तर पहिल्या दिवसापासून बोर्डाकडे जाणे योग्य.

पत्रात राग लिहिणे आणि तारखा विसरणे

‘तुमची सेवा अत्यंत वाईट आहे, कर्मचारी उद्धट आहेत, वर्षभर आम्हाला कोणी दाद देत नाही.’ असे पत्र वाचून प्रॅक्टिस मॅनेजर चौकशी कशाची करणार? त्यावर ‘तुम्हाला असा अनुभव आला याबद्दल दिलगीर आहोत’ एवढेच गुळमुळीत उत्तर येते, आणि आपण म्हणतो की यांनी हात झटकले.

आता हेच पत्र असे लिहून पाहू. ‘१० फेब्रुवारीला माझी थायरॉईडची रक्ततपासणी झाली. १३ फेब्रुवारीला एनएचएस ॲपमध्ये अहवालाखाली डॉक्टरांशी बोलावे असा शेरा दिसला. १६ आणि २३ फेब्रुवारीला मी फोन केला. दोन्ही वेळा डॉक्टर स्वतः फोन करतील असे सांगण्यात आले. १७ मार्चपर्यंत फोन आला नाही आणि त्या काळात मी जुन्याच मात्रेच्या गोळ्या घेत राहिले.’ यापुढे तीन प्रश्न क्रमाने यावेत. तो शेरा कोणाकडे गेला होता? फोन का झाला नाही? पुन्हा असे होऊ नये म्हणून कामाच्या पद्धतीत काय बदल करणार? शेवटी तुम्हाला काय हवे आहे ते एका वाक्यात लिहावे: खुलासा, माफी, गोळ्यांच्या मात्रेचा फेरविचार, नोंदीतील दुरुस्ती. असे पत्र एका पानात मावते आणि त्यातील एकही ओळ टाळून उत्तर देता येत नाही.

पत्रापूर्वी आपली नोंद पाहून घ्यावी. ॲपमध्ये सर्व काही दिसत नसेल, तर माहिती संरक्षण कायद्याखाली संपूर्ण नोंदीची प्रत मागता येते. ती सहसा विनामूल्य मिळते आणि साधारणपणे एका महिन्यात द्यावी लागते. घटनेबद्दल दोन्ही बाजूंचे म्हणणे वेगळे असेल, तेव्हा ही प्रत फार उपयोगी पडते. नुकसानभरपाईची अपेक्षा मात्र या मार्गाने धरू नये. तो कायदेशीर दाव्याचा विषय आहे, त्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते आणि त्यासाठी वैद्यकीय निष्काळजीपणाच्या प्रकरणांत काम करणाऱ्या सॉलिसिटरचा सल्ला घ्यावा.

याहून गंभीर चूक म्हणजे तक्रारीलाच उपचार समजणे. तक्रारीचे उत्तर यायला आठवडे लागतात. दुखणे तोवर थांबत नाही. पत्र पाठवले असले तरी त्या आजारासाठी वेगळी अपॉइंटमेंट मागावी, गरज पडल्यास एनएचएसच्या १११ या सल्ला-क्रमांकावर आणि जिवावर बेतण्याची शक्यता असल्यास ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. त्याच प्रॅक्टिसमधील दुसऱ्या डॉक्टरांचे मत मागण्याचा मार्गही खुला असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये ‘जेसचा नियम’ जाहीर झाला. जेसिका ब्रेडी ही २७ वर्षांची तरुणी कर्करोगाचे निदान फार उशिरा झाल्यामुळे डिसेंबर २०२० मध्ये दगावली, आणि तिच्या पालकांच्या प्रयत्नांतून हा नियम आला. एकाच लक्षणासाठी किंवा वाढत्या त्रासासाठी रुग्ण तिसऱ्यांदा आला, तर जीपीने आपल्या निदानाचा नव्याने विचार करावा, असे तो सांगतो. तिसऱ्या भेटीत या नियमाचा स्पष्ट उल्लेख करण्यात काहीही गैर नाही, आणि आपल्याकडच्या संकोची माणसांनी तर तो जरूर करावा.

रिसेप्शनवर आवाज चढवणे

काउंटरवरची व्यक्ती बहुतेक वेळा निर्णय घेणारी नसते. तिथे आरडाओरडा झाला, तर मूळ तक्रार बाजूला पडते आणि तुमच्या वागण्याबद्दल लेखी ताकीद येते. पुढे त्याच कारणावरून यादीतून नाव कमी होऊ शकते. हिंसा किंवा धमकी असेल तर तात्काळ. फोनवरील संभाषण अनेक प्रॅक्टिसमध्ये ध्वनिमुद्रित होते. त्यामुळे ज्यांच्याशी बोललात त्यांचे नाव, तारीख आणि वेळ टिपून घ्यावी आणि पुढचे लेखी करावे.

दुसऱ्याच्या वतीने परस्पर तक्रार करणे

आईला इंग्रजी बोलण्याचा संकोच आहे म्हणून मुलगा पत्र लिहितो आणि उत्तर येते की रुग्णाच्या संमतीशिवाय काही सांगता येणार नाही. हा आडमुठेपणा नाही. प्रौढ व्यक्तीच्या वतीने तक्रार करताना, ती व्यक्ती निर्णय घेण्यास सक्षम असेल तर तिची लेखी संमती जोडावीच लागते, मग नाते पती-पत्नीचे असो वा आई-मुलाचे. रुग्णाचे निधन झाले असेल, तर जवळच्या नातेवाइकांना तक्रार करता येते. याच ओघात एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. आजीच्या तपासणीला दहा वर्षांच्या नातवाला दुभाषा म्हणून बसवू नये. अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषा हवा असे सांगावे. तो फोनवरही चालतो आणि रुग्णाला त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. तक्रार मांडण्यासाठीही मोफत मदत मिळते: स्थानिक कौन्सिलने नेमलेली एनएचएस तक्रार साहाय्य सेवा पत्र लिहिण्यापासून बैठकीला सोबत येण्यापर्यंत साथ देते.

भीतीपोटी गप्प राहणे

‘तक्रार केली तर काढून टाकतील’, ‘व्हिसावर परिणाम होईल’, अशी कुजबुज स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्यांमध्ये फार ऐकू येते. ही माणसे वर्षाला १,०३५ पौंड इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरतात, आणि तरीही आपण कोणाच्या उपकारावर आहोत असे वागतात, याचे वाईट वाटते. एनएचएसच्या तक्रारीचा व्हिसाच्या अर्जाशी संबंध नाही. केवळ तक्रार केली म्हणून डॉक्टरांनी रुग्णाशी संबंध तोडू नये, असे जनरल मेडिकल कौन्सिलच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे. तक्रारीची कागदपत्रे वैद्यकीय नोंदीपासून वेगळी ठेवायची असतात, त्यामुळे नव्या प्रॅक्टिसमध्ये ‘हा तक्रारखोर रुग्ण’ असा शिक्का घेऊन जावे लागत नाही.

गप्प राहण्यात मुदतही निघून जाते. घटना घडल्यापासून किंवा ती लक्षात आल्यापासून बारा महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. उशिराला सबळ कारण असेल तरच सवलत मिळते. लेखी तक्रारीची पोच तीन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवी. सहा महिने उलटूनही उत्तर नसेल, तर विलंबाचे कारण कळवणे प्रॅक्टिसवर बंधनकारक आहे. ओम्बड्समनकडेही साधारण एक वर्षाचीच मर्यादा असते, म्हणून असमाधानकारक उत्तर हाती आल्यावर ते कपाटात ठेवून देऊ नये.

तयारीशिवाय प्रॅक्टिस बदलणे

उत्तर आल्यानंतरही तीच चूक पुन्हा घडत असेल, डॉक्टरांसमोर मोकळेपणाने बोलणेच होत नसेल, किंवा घर बदलल्यामुळे अंतर वाढले असेल, तर प्रॅक्टिस बदलावी. त्यासाठी जुन्या प्रॅक्टिसची परवानगी लागत नाही आणि कारणही द्यावे लागत नाही. नव्या ठिकाणी ऑनलाइन किंवा कागदी अर्ज भरला की नोंद आपोआप हलते. पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र किंवा व्हिसाची कागदपत्रे मागितली जातात, पण ती नाहीत म्हणून नोंदणी नाकारता येत नाही.

चूक होते ती वेळ साधण्यात. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चार दिवसांच्या उरल्या असताना लोक अर्ज करतात. नवी प्रॅक्टिस पहिले रिपीट प्रिस्क्रिप्शन (नेहमीच्या गोळ्यांची पुन्हा मिळणारी चिठ्ठी) देण्यापूर्वी तपासणीला बोलावू शकते, आणि त्यात दिवस जातात. म्हणून जुन्या ठिकाणाहून शेवटचे रिपीट आधी मागवून हाताशी पुरेसा साठा असताना बदल करावा. रक्ततपासणी झाली असेल, तर अहवाल येईपर्यंत थांबावे, कारण तो तपासणी सांगणाऱ्या प्रॅक्टिसकडेच जातो आणि मधल्या काळात कोणाच्याच नजरेस पडला नाही, असे होऊ शकते. रुग्णालयाची तारीख मिळायची असेल, तर नव्या जीपीचे नाव तिथे स्वतः कळवावे. ॲपमध्ये दिसणारी जुनी पत्रे आणि अहवाल बदलापूर्वी उतरवून ठेवावेत, कारण नव्या प्रॅक्टिसमध्ये जुना भाग पुन्हा उघडून देण्याची विनंती करावी लागू शकते.

नवी प्रॅक्टिस निवडताना केअर क्वालिटी कमिशनचा शेरा पाहावा, पण त्याखालची तारीखही पाहावी. कित्येक शेरे बरेच जुने असतात. दरवर्षीच्या जीपी पेशंट सर्व्हेमध्ये प्रॅक्टिसनिहाय आकडे मिळतात आणि फोन लागतो का, डॉक्टर ऐकून घेतात का, हे त्यातून अधिक चांगले कळते. जानेवारी २०१५ पासून राहत्या भागाबाहेरच्या प्रॅक्टिसमध्येही, ती तयार असेल तर, नाव नोंदवता येते, परंतु अशा रुग्णांच्या घरी भेट देण्याचे बंधन त्या प्रॅक्टिसवर नसते. ऑफिसजवळची प्रॅक्टिस तरुण माणसाला सोयीची ठरेल; अंथरुणाला खिळण्याची शक्यता असलेल्या सासूबाईंचे नाव तिथे घालू नये. एका घरातील सर्वांचे नाव एकाच ठिकाणी असले पाहिजे असा नियम नाही.

नव्या प्रॅक्टिसने नकार दिला, तर तोंडी नकारावर परत फिरू नये. रुग्णांची यादी अधिकृतपणे बंद असणे किंवा तुमचा पत्ता हद्दीबाहेर असणे ही मान्य कारणे आहेत, आणि नकाराचे कारण चौदा दिवसांच्या आत लेखी देणे प्रॅक्टिसवर बंधनकारक आहे. जवळपासच्या सगळ्याच ठिकाणी नकार मिळाला, तर ती पत्रे जोडून इंटिग्रेटेड केअर बोर्डाला कळवावे. रुग्णाला एखाद्या प्रॅक्टिसकडे नेमून देण्याचा अधिकार बोर्डाला आहे. तोपर्यंत जुन्या प्रॅक्टिसमधील आपले नाव काढून घेऊ नये.