माळ्यावरची जुनी हार्ड डिस्क चालत नाहीये? आधी फॉरमॅटचं खूळ डोक्यातून काढा

४८६ पीसीच्या जमान्यातली शे-दोनशे एमबीची आयडीई (रुंद चपट्या केबलवाली) डिस्क लावली, स्क्रीनवर एरर आली, की लोक लगेच मेली म्हणून भंगारात देतात. जरा थांबा राव. बऱ्याचदा डिस्क धडधाकट असते, मदरबोर्डचा सीमॉस सेल (सेटिंग लक्षात ठेवणारी छोटी बॅटरी) संपलेला असतो आणि बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारा प्रोग्रॅम, डिस्कच्या मापाचे सिलिंडर-हेड-सेक्टरचे आकडे विसरलेला असतो. आकडे सहसा डिस्कच्या लेबलवरच असतात, बायोसमध्ये हाताने टाका. जंपरपण (पिनांवरची छोटी टोपी) बघून घ्या, डिस्क केबलवरची मास्टर म्हणजे पहिली आहे की स्लेव्ह म्हणजे दुसरी.

आता डिस्क फिरतच नसेल तर कान लावा. मोटर नुसती कण्हतेय पण फिरत नाही म्हणजे हेड (डेटा वाचणारं टोक) प्लॅटरला, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या तबकडीला चिकटलंय, वर्षानुवर्षं पडून राहिली की होतं असं. डेटा केबल काढा, फक्त पॉवर ठेवा, डिस्क तळहातावर आडवी धरा आणि पॉवर देताक्षणी मनगटाने झटका द्या, बरणीचं घट्ट झाकण फिरवतो ना तसा, जागच्या जागी गोल. दोन-तीनदा करून बघा. हातोडीने ठोकणारे महाभाग आहेत, त्यांचं ऐकू नका. आणि एकदा फिरली की बंद करायची नाही, परत उठेल याची गॅरंटी नाही, केबल आणि कॉपीची तयारी अगोदरच करून ठेवा आणि गरज पडली तर चालू डिस्कलाच केबल जोडा, रिस्क आहे पण दुसरा इलाज नाही.

क्वांटम प्रोड्राइव्हची गंमत वेगळी, आतला रबरी स्टॉपर वितळून चिकट गोळा होतो, डिस्क फिरते पण हेड जागचं हलत नाही. तिथे झाकण उघडावंच लागतं. एरवी उघडू नका, धुळीचा एक कण पुरे.

सीगेट एसटी-२२५ सारख्या, म्हणजे २० एमबीवाल्या, हेड टप्प्याटप्प्याने हलवणाऱ्या स्टेपर मोटरच्या डिस्क थंड असताना चुका करतात, अर्धा तास नुसत्या फिरू द्या मग वाचा. किंचाळत असेल तर घाबरू नका, तो बहुतेक खालच्या अर्थिंगच्या पत्तीचा आवाज असतो.

कॉपी करताना स्कॅनडिस्क (डॉस-विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) अजिबात नको, ते डिस्कवर लिहितं. यूएसबी कन्व्हर्टरला जुन्या आयडीई डिस्क बऱ्याचदा दिसतच नाहीत, त्यामुळे आयडीई पोर्टवाला जुना पीसी शोधा, लिनक्स टाका आणि डीडीरेस्क्यू या खराब डिस्क कॉपी करणाऱ्या टूलने पूर्ण इमेज (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल) घ्या, कुठवर कॉपी झाली याची नोंद ठेवणारी मॅप फाइल द्यायला विसरू नका, मध्येच बंद पडलं तर तिथूनच पुढे सुरू होतं. चांगला भाग आधी उचलतं, खराब जागी नंतर डोकं आपटतं.

आणि हो, मराठी फाइली असतील तर त्या काळातल्या श्रीलिपी नाहीतर आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे फॉन्टपण त्याच इमेजमधून काढून ठेवा, नाहीतर एवढं करून फाइल उघडल्यावर नुसती गिचमिड दिसेल.