मांजर ट्रेबाहेर शू करतंय? आधी फिनेलची बाटली खाली ठेवा

घरातलं मांजर शू-शीसाठी ठेवलेला मातीचा ट्रे सोडून गादीवर, पायपुसण्यावर किंवा मोरीत शू करायला लागलं की आपल्याकडे तीन सल्ले हमखास मिळतात. त्याचं नाक त्यात घासा, तिथे डांबरगोळ्या ठेवा, फिनेलने पुसून काढा. तिन्ही चूक आहेत आणि त्यातले दोन मांजराच्या जिवावर बेतू शकतात. गेली सोळा वर्षं माझ्या घरात मांजरं आहेत, माझी स्वतःची आणि दत्तक जाईपर्यंत सांभाळायला आलेलीही. हा प्रश्न इतक्या वेळा निस्तरलाय की काय आधी आणि काय नंतर, हे आता पाठ झालंय. मांजर सूड म्हणून, राग म्हणून शू करत नाही. त्याला दुखतंय, ट्रे आवडत नाहीये, भीती वाटतेय किंवा जुना वास त्याला तिथे बोलावतोय, यातलंच काहीतरी असतं.

शू होतेय का, ते आधी बघा

मांजर सारखं ट्रेमध्ये जाऊन बसतंय, कुंथतंय, ओरडतंय, खाली चाटत राहतंय आणि माती मात्र कोरडीच, असं दिसलं तर पुढचं वाचू नका, डॉक्टरांना फोन करा. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. वाळूसारखे स्फटिक किंवा चिकट बोळा त्यात अडकला की शू पूर्ण तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि हृदय बंद पडू शकतं. हातात एक-दोन दिवस असतात, कधी तेवढेही नसतात.

माझा बंड्या मोरीच्या जाळीवर बसून कुंथत होता तेव्हा मला वाटलं, पोट साफ होत नाहीये. उकडलेला लाल भोपळा भरवला आणि झोपले. पहाटे त्याला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली, तीन दिवस सलाईन चाललं, तेव्हा तो वाचला. त्या रात्रीचे सहा तास माझ्यामुळे वाया गेले. म्हणून बोका पाळणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते: कुंथणारा बोका दिसला तर आधी शू तुंबलीय असं धरून चाला, पोटाचं नंतर बघता येईल. आपल्या भागात रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, हे आजच विचारून ठेवा.

शू होत असेल तरी लघवीची तपासणी कराच. तरुण आणि मधल्या वयाच्या मांजरांत बहुतेक वेळा जंतुसंसर्ग नसतोच. ताणाशी जोडलेली मूत्राशयाची सूज असते, त्यामुळे ‘अँटिबायोटिक द्या, बरं होईल’ हा शेजारचा सल्ला उपयोगी पडत नाही. म्हाताऱ्या मांजरात मूत्रपिंड, मधुमेह, थायरॉइड बघावं लागतं. सांधे दुखत असले तर उंच काठाच्या ट्रेमध्ये चढणंही त्याला नको वाटतं. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराला ती विष आहे, अर्धी गोळीसुद्धा.

बसून की उभ्याने

बसून, आडव्या जागी, भरपूर केली असेल तर ती शू. उभं राहून, शेपटी वर करून थरथरवत, भिंतीवर किंवा पडद्यावर थोडीशी पिचकारी मारली असेल तर ती खूण, म्हणजे ‘ही जागा माझी’ असं वासाने सांगणं. खूण करणाऱ्या बोक्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालं नसेल तर आधी ते करा. बहुतेकांची सवय तेवढ्यानेच सुटते. माद्याही खूण करतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. ऑपरेशन होऊनही चालू राहिलं तर बाल्कनीच्या जाळीशी बाहेरचा बोका येऊन बसतो का, ते बघा. येत असेल तर काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला कागद चिकटवा म्हणजे तो दिसणार नाही.

ट्रे

यात अवघड काही नाही, फक्त कंजुषी करू नका. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, आणि ते वेगवेगळ्या जागी. शेजारी-शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या लेखी एकच. दुकानातले ट्रे बहुधा लहान असतात. मांजराच्या लांबीच्या दीडपट हवा, त्यामुळे मी सरळ बांधकामाचं मोठं प्लॅस्टिकचं घमेलं किंवा पसरट टब आणते. झाकण नको, सुगंधी माती नको, वॉशिंग मशीनशेजारची जागा नको. गोळे होणारी साधी बेंटोनाइटची माती दोन-अडीच इंच भरा आणि दिवसातून दोनदा गोळे काढा. पावसाळ्यात माती हवेनेच ओलसर होते, तेव्हा पूर्ण माती लवकर बदला आणि ट्रे साध्या साबणाने धुवा. माती आवडत नाही अशी शंका असेल तर दोन ट्रेमध्ये दोन प्रकार भरून आठवडाभर ठेवा. ते कुठे जातं ते दिसेलच.

वास: सगळे अडतात ते इथेच

मीही इथेच तीन महिने अडकले होते. ठमी गादीच्या एका कोपऱ्यावर शू करायची. मी गरम पाण्याने पुसायचे, मग जंतुनाशक, मग फिनेल, वरून अत्तरासारखा फवारा. खोलीला दवाखान्यासारखा वास यायचा आणि ठमी चौथ्या दिवशी त्याच कोपऱ्यावर. ट्रे बदलला, माती बदलली, डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं. जे बदललं नव्हतं ते गादीच्या आत होतं.

मांजराच्या शूमध्ये युरिक आम्ल असतं आणि त्याचे स्फटिक पाण्यात सहज विरघळत नाहीत. साबणाने बाकीचं निघून जातं, हे मागे राहतं. कोरडं असताना आपल्याला वास येत नाही, हवेत दमटपणा आला की पुन्हा उठतो. ‘पाऊस पडला की घरात वास येतो’ असं लोक म्हणतात ते याचंच. मांजराच्या नाकाला मात्र तो उन्हाळ्यातही येत असतो, आणि त्याला त्याचा अर्थ एकच कळतो: शू करायची जागा ही.

फिनेलबद्दल माझं मत ठाम आहे. मांजराच्या घरात ते नकोच. त्यातले फेनॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. मांजर त्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. डांबरगोळ्या आणि कापूर यांचंही तेच, दोन्ही विषारी. ब्लीच ओतू नका, शूमधल्या अमोनियाशी मिसळून घातक वायू तयार होतो. गरम पाणी आणि वाफेचं मशीन वास कापडात पक्का बसवतात. व्हिनेगरने अमोनियाचा उग्रपणा कमी होतो, पण युरिक आम्ल आम्लात विरघळत नाही, म्हणून दोन दिवसांनी आपण होतो तिथेच. तिखट भुरभुरवणाऱ्यांना मला काही सांगायचंच नाही, फक्त कळकळीने विनंती आहे की करू नका. डोळे आणि पंजे पोळतात.

उपाय एकच खात्रीचा: एन्झाइमचं क्लीनर, म्हणजे शूचे मागे राहिलेले अंश तोडून टाकणारं. प्राण्यांच्या दुकानात आणि ऑनलाइन मिळतं. बाटलीवर एन्झाइम किंवा उपयुक्त जिवाणू असल्याचं लिहिलेलं हवं. नुसतं ‘वास घालवतो’ लिहिलेलं आणू नका. हे आणूनही बहुतेकांना गुण येत नाही, कारण लोक ते काच पुसायच्या द्रावणासारखं चार फवारे मारतात. ते तसं वापरायचं नसतं.

आधी सगळ्या जागा शोधा. स्वस्तातला जांभळा यूव्ही टॉर्च घ्या, ३९५ नॅनोमीटरचा चालतो, ३६५चा जास्त चांगला. रात्री सगळे दिवे बंद करून फिरा. शूचे डाग पिवळट-हिरवट चमकतात. धुतलेल्या चादरी अख्ख्याच निळसर चमकतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, ती कपड्यांच्या पावडरीची चमक असते. प्रत्येक डागाभोवती खडूने रेघ ओढा. मला एक कोपरा माहीत होता, टॉर्चने पाच डाग दाखवले. त्यातला एक सोफ्याच्या मागच्या प्लायवूडवर होता.

मग गादी उलटी करा. ही पायरी कुणी सांगत नाही. वरचा डाग तळहाताएवढा असेल तर खालचा ताटाएवढा असतो, कारण शू खाली जाताना पसरत जाते. क्लीनर तिथपर्यंत पोचलं पाहिजे, म्हणजे जेवढी शू आत गेली त्याहून जास्त ओतावं लागतं. एका डागाला एक-दोन वाट्या सहज लागतात. हात आखडू नका, अर्धवट केलंत तर सगळी बाटली फुकट जाते.

ताजी शू असेल तर जुन्या टॉवेलने दाबून टिपा, घासू नका. डागावर याआधी जंतुनाशक किंवा साबण लावला असेल तर गार पाण्याने दोन-तीनदा ओलं करून टिपून काढा, कारण ती रसायनं क्लीनरमधले जिवाणू आणि एन्झाइम निकामी करतात. मी या गोष्टीमुळे पहिली अख्खी बाटली वाया घालवली. मग क्लीनर ओता, डागाच्या कडेपासून चार बोटं बाहेरपर्यंत. वरून प्लॅस्टिकचा कागद घालून कडा दाबून ठेवा. एन्झाइम ओलं असेपर्यंतच काम करतं आणि पंख्याखाली ते दोन तासांत वाळतं. रात्रभर, जुना डाग असेल तर चोवीस तास, तसंच राहू द्या. नंतर कागद काढून पूर्ण वाळू द्या, शक्य असेल तर उन्हात. वाळताना वास आधी वाढतो. इथेच घाबरून लोक फिनेल आणतात. आणू नका, थांबा. जुन्या डागाला हे सगळं दोनदा, कधी तीनदा करावं लागतं.

कापसाची गादी खूप भिजली असेल तर मात्र क्लीनरवर पैसे घालू नका. गादीवाल्याकडून ती उसवून घ्या, खराब कापूस काढून टाका, खोळ धुवा आणि उरलेला पिंजून परत भरून घ्या. ठमीच्या गादीचं शेवटी मला हेच करावं लागलं. फोमची गादी वाचते, पण वाळायला पावसाळ्यात आठवडा धरा. चादरी, गोधड्या गार पाण्यात क्लीनर घालून तासभर भिजवून मग नेहमीसारख्या धुवा.

फरशी सोपी, फरशीच्या फटी अवघड. त्यांना आणि शहाबादी लादीला हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. औषधाच्या दुकानात बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं, लेबल बघून तेवढंच पाणी घाला. आधी कोपऱ्यात थोडं लावून बघा, रंगीत कापडावर तर नकोच, रंग उडतो. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका.

ती जागा पुन्हा शूची होऊ नये म्हणून

जागा स्वच्छ झाली की तिचा उपयोग बदला. मांजर जिथे जेवतं तिथे सहसा शू करत नाही, म्हणून फटी साफ झाल्या की मी त्या कोपऱ्यात जेवणाची वाटी ठेवते. पलंगावर काही आठवडे वॉटरप्रूफ चादर घाला आणि झोपायच्या खोलीचं दार दिवसा बंद ठेवा. सवय फार जुनी असेल तर मांजराला ट्रे, पाणी आणि अंथरूण देऊन एका लहान खोलीत दोन आठवडे ठेवा आणि रोज त्याच्याजवळ जाऊन बसा. ती शिक्षा वाटता कामा नये.

घरात दोन मांजरं असतील तर पॅसेजमध्ये कोण बसतं ते बघा. एक जण ट्रेच्या वाटेत नुसता पसरून दुसऱ्याला अडवतो, आणि आपल्याला वाटतं, किती शांत बसलाय. असं असेल तर दुसरा ट्रे दुसऱ्या खोलीत, एवढं पुरतं. घर बदललं, रंगकाम झालं, बाळ आलं, पाहुणे राहिले, अशा वेळीही हे सुरू होतं. गणपतीतल्या ढोल-ताशांच्या आणि दिवाळीतल्या फटाक्यांच्या दिवसांत मी ट्रे सर्वांत आतल्या खोलीत हलवते, कारण बाल्कनीजवळच्या ट्रेपर्यंत घाबरलेलं मांजर जात नाही.

पाणी वाढवा. जेवणापासून लांब दोन-तीन भांडी ठेवा, कोरड्या दाण्यांबरोबर ओलं खाणं द्या, उकडलेल्या चिकनचं पाणी दिलंत तर त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. पातळ शू मूत्राशयाला कमी झोंबते.

महिनाभर हे करूनही थांबलं नाही तर डॉक्टरांकडे परत जा. ताणावरची औषधं असतात आणि काही मांजरांना ती खरोखर लागतात. जाताना कोणत्या तारखेला, कुठे, किती आणि बसून की उभ्याने, हे वहीत लिहून न्या. माझ्या डॉक्टरांना एका मांजराचं दुखणं त्या वहीवरूनच कळलं. शू दर वेळी थोडी आणि दिवसातून आठ-दहा वेळा होत होती, निरोगी मांजर दोन ते चार वेळाच करतं.

गादी पलंगावर परत टाकायची घाई करू नका. दमट दिवसाची वाट बघा, खिडक्या बंद करून तासाभराने खोलीत या आणि डागाला नाक लावून वास घ्या. काहीही आलं, अगदी पुसट, तरी कागद, क्लीनर आणि चोवीस तास, पुन्हा पहिल्यापासून.