लहान मुलांच्या कॅन्सरवर रिसर्च करायचाय? आधी व्हायल वितळवायला शिका

लहान मुलांच्या कॅन्सरमधलं माझं फील्ड बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं, म्हणजे रक्त बनवणाऱ्या डोनरच्या पेशी पेशंटला द्यायच्या. या फील्डमध्ये यायचं तर काय वाचू असं पीएचडीला नवीन लागलेली पोरं सारखी विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते. पेपर तुम्ही वाचालच, मी बाकीचं सांगते.

सगळ्यात आधी सॅम्पल. दहा किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून 750-800 एमएल रक्त असतं, त्यातून रिसर्चसाठी जास्तीचं किती काढायचं यावर एथिक्स कमिटीची मर्यादा असते, आणि बोन मॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज, तर बहुतेक वेळा तपासणीसाठी भूल देऊन काढतातच तेव्हा त्यातलाच एखादा एमएल आपल्या वाट्याला येतो. त्याच एमएलवर तिघांचे डोळे असतात. परत मागायची सोय नाही, कारण ट्रान्सप्लांटच्या आधीचं मूल नंतर तसं राहत नाही.

माझ्या हातून अशी एक व्हायल, म्हणजे सॅम्पलची छोटी बाटली, वाया गेलीय. पेशी डीएमएसओ (गोठताना त्यांना जपणारं रसायन) घालून लिक्विड नायट्रोजनच्या टाकीत ठेवलेल्या असतात, त्या 37 डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये धरायच्या, आत शेंगदाण्याएवढा बर्फ उरला की लगेच बाहेर काढायच्या आणि मग मीडिया, म्हणजे पेशी वाढवायचं द्रव, थेंब थेंब, अगदी कंटाळा येईल इतका हळू घालायचा. मला त्या दिवशी मीटिंगला पळायचं होतं, मी दहा एमएल एकदम ओतला. पेशींच्या आत डीएमएसओ भरलेलं असतं, त्यामुळे बाहेरचं पाणी झपकन आत घुसतं, पेशी फुगून फुटतात, त्यांचा डीएनए बाहेर येतो आणि उरलेल्या धडधाकट पेशीही त्यात चिकटून बसतात. ट्यूबच्या तळाशी शेंबडासारखी गुठळी, बस. लेबलवर "डे मायनस 8" लिहिलेलं अजून डोळ्यासमोर येतं. आता माझ्याकडे कुणी नवीन आलं की पहिला महिना पेशंटच्या सॅम्पलला हात लावू देत नाही, मग रागावले तरी चालेल.

ते मायनस 8 म्हणजे काय, तर ट्रान्सप्लांटचा दिवस शून्य, आधीचे दिवस मायनस, नंतरचे प्लस. वॉर्डात सगळे याच भाषेत बोलतात. न्यूट्रोफिल, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सलग तीन दिवस रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे 500 च्या वर राहिले की ग्राफ्ट, म्हणजे डोनरच्या दिलेल्या पेशी, लागला म्हणायचं, त्याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात.

नवीन माणसाला वाटतं की जीव्हीएचडी, म्हणजे डोनरच्या पेशी पेशंटच्याच अंगावर उठतात ते, बंद केलं की झालं. करून बघितलंय लोकांनी! ग्राफ्टमधल्या टी सेल (परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून टाकल्या, जीव्हीएचडी कमी झाला पण ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, परत यायचं आणि ग्राफ्ट न लागायचं प्रमाण वाढलं, कारण कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्याही बऱ्याचशा त्याच टी सेल. आमचं अर्धं फील्ड या एका गाठीत अडकलंय. सख्ख्या भावंडाचं एचएलए, म्हणजे आपलं-परकं ओळखायची पेशींवरची खूण, पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, म्हणून आता आईबाबांचा अर्धा जुळणारा ग्राफ्टही देतात आणि ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं औषध देऊन भडकलेल्या टी सेल तेवढ्या मारतात. मला विचाराल तर ही आयडिया जितकी साधी तितकी धाडसाची. ट्रान्सप्लांट सुरू करणारे अमेरिकन डॉक्टर डोनाल थॉमस यांनी 1957 साली पहिले प्रयत्न छापले तेव्हाचे पेशंट वाचले नव्हते, त्यांना नोबेल मिळालं 1990 मध्ये. तुमचं प्रोजेक्ट तीन वर्षांचं असतं, तेवढं लक्षात असू द्या.

एकदा तरी परवानगी काढून डे झिरोला वॉर्डात जा. लोकांना वाटतं ऑपरेशन असेल, प्रत्यक्षात रक्त चढवतात तशी एक छोटीशी पिशवी लटकवतात. पेशी फ्रोझन असतील तर डीएमएसओमुळे पेशंटच्या श्वासाला लसणासारखा वास येतो, पोरं नाक मुरडतात. आणि फॉलोअप ओपीडीत पण बसा, तिथे बरी झालेली मुलं येतात, कुणाची उंची खुंटलेली, कुणाला थायरॉइडची गोळी. किती जण जगले हे दाखवणाऱ्या सर्व्हायव्हल कर्व्हवर हे दिसत नाही.

इंटरव्ह्यूला गेलात की गाइडला एवढंच विचारा की फ्रीझरची यादी कोण सांभाळतं. उत्तर द्यायला वेळ लागला तर दुसरी लॅब बघा.