इंग्रजीतला कोलन: आधी 'म्हणजे' म्हणून बघा

नोकरीतल्या माझ्या पहिल्या इंग्रजी अहवालात एक वाक्य होतं: 'द रीझन्स आर: डिले, कॉस्ट अँड स्टाफ.' साहेबांनी बाकी पानाला हात लावला नाही, फक्त त्या दोन टिंबांभोवती लाल गोल काढला. कारण काही सांगितलं नाही. यादी आली की कोलन, एवढंच मला ठाऊक, त्यामुळे चुकलं काय ते दोन दिवस कळेना.

यादी आहे म्हणून कोलन येत नाही. त्याच्या आधीचं वाक्य पुरं झालेलं असेल तरच येतो. कोलनपुढचा मजकूर हाताने झाका आणि उरलेलं मोठ्याने वाचा. 'द रीझन्स आर' एवढंच कुणी बोललं, तर ऐकणारा तोंडाकडे बघत राहील. म्हणजे कोलन चुकला. तो नुसता काढून टाका: 'द रीझन्स आर डिले, कॉस्ट अँड स्टाफ.' कोलन हवाच असेल तर आधीचं वाक्य पुरं करा: 'देअर आर थ्री रीझन्स: डिले, कॉस्ट अँड स्टाफ.' 'सच अॅज' आणि 'इन्क्लुडिंग' यांच्यानंतर कोलन लावायची खोड तर भल्याभल्यांना असते. तिथेही तो नको, कारण यादीची ओळख ते शब्दच करून देतात.

वाक्य पुरं आहे, पण इथे कोलन द्यायचा की सेमीकोलन (;)? इथे मी मराठीची मदत घेते. त्या जागी मनात 'म्हणजे' किंवा 'कारण' म्हणून बघते. 'ही हॅड वन फिअर: हाइट्स.' त्याला एकच भीती, ती म्हणजे उंचीची. जमलं. 'द रोड वॉज क्लोज्ड: अ ट्री हॅड फॉलन.' रस्ता बंद होता, कारण झाड पडलं होतं. हेही जमलं. आता 'शी टीचेस मॅथ्स. हर ब्रदर टीचेस म्युझिक.' ती गणित शिकवते, म्हणजे तिचा भाऊ संगीत शिकवतो? काहीतरीच! ही दोन वाक्यं नुसती शेजारी बसली आहेत, एक दुसऱ्याचा उलगडा करत नाही. तिथे सेमीकोलन. पहिल्या वाक्याने उत्सुकता लावायची आणि दुसऱ्याने ती भागवायची, असं असेल तिथेच कोलन शोभतो.

अवतरणाआधीही हाच हिशेब. 'शी सेड' नंतर स्वल्पविराम, कारण वाक्य अजून अर्धंच आहे. 'हर आन्सर वॉज शॉर्ट' हे पुरं आहे, म्हणून त्यापुढे कोलन चालतो.

आपल्या हाताला लागलेली एक सवय मात्र मोडावी लागते. 'विषय :-' असं लिहून लिहून आपण इंग्रजीतही कोलनला शेपूट जोडतो. जुन्या इंग्रजी छपाईत असा कोलन-डॅश दिसायचा, आजच्या लिखाणात तो जुनाट वाटतो. टिंबांआधी जागाही सोडायची नाही. कोलन आधीच्या शब्दाला चिकटून आणि पुढे एक स्पेस. (याची उलटी चूक मराठीत होते: 'दुःख' टाइप करताना विसर्गाऐवजी कोलन दाबला जातो. दिसायला फरक कळत नाही, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हं असल्याने शोधताना शब्द सापडत नाही.)

कोलननंतर कॅपिटल अक्षर असावं का, यावर एकमत नाही. ब्रिटिश वळणात सहसा लहान अक्षर, विशेषनाम असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या संस्थेच्या लेखनशैलीत कोलनपुढे पुरं वाक्य आलं तर कॅपिटल, नुसती यादी किंवा तुकडा आला तर लहान. ज्यांच्यासाठी लिहिताय त्यांची पद्धत बघा आणि एका लेखात एकच पाळा.

काही जागा ठरीव आहेत, तिथे वाक्य पुरं आहे की नाही हे बघायची गरज नाही: पुस्तकाचं नाव आणि उपशीर्षक यांच्यामध्ये, 3:1 अशा गुणोत्तरात, 10:30 अशा वेळेत. वेळ लिहिताना ब्रिटिश लिखाणात 10.30 असं टिंबही दिसतं. औपचारिक पत्रात 'डिअर सर' नंतर अमेरिकन माणूस कोलन देतो, ब्रिटिश माणूस स्वल्पविराम देतो किंवा काहीच देत नाही.

आणि एका वाक्यात एकच कोलन. दुसरा द्यावासा वाटला की मी वाक्य तोडते.