डोंगलचा ड्रायव्हर लिहायला बसण्याआधी

लिनक्सवर यूएसबी मोडेमचा ड्रायव्हर लिहायचा असेल, तर पहिले दोन-तीन दिवस कोडला हात लावू नका. आधी डोंगल, म्हणजे हा छोटा यूएसबी मोडेम, जमवा, शक्यतो एकाच मॉडेलचे दोन. चालू सिम हवं, त्याचा पिन आणि एपीएन (कंपनीच्या डेटा नेटवर्कचं नाव) कागदावर लिहून ठेवलेला. वेगळा ॲडॅप्टर असलेला यूएसबी हबही घ्या. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरची हमी देतो. रेंज कमी असली की मोडेम क्षणभर त्याहून जास्त ओढू शकतो आणि मधेच गळतो. आपण मात्र चूक स्वतःच्या कोडमध्ये शोधत रात्र घालवतो.

आता डोंगल स्वतःची ओळख काय सांगतो ते बघा. बऱ्याचदा तो लावल्याबरोबर मोडेम नसतोच, सीडी ड्राइव्ह असतो. विंडोजचं सॉफ्टवेअर त्याच्या पोटातच ठेवलेलं असतं. हुआवेचे कित्येक डोंगल १२डी१:१४४६ या आयडीने येतात. यूएसबी-मोडस्विच या रूप बदलायला लावणाऱ्या प्रोग्रॅमने ठरावीक संदेश धाडला की ते यूएसबी बसवरून उतरतात आणि १४३६ किंवा १००१ अशा नव्या प्रॉडक्ट आयडीने परत चढतात. म्हणून यूएसबी उपकरणांचा तपशील दाखवणाऱ्या 'एलएसयूएसबी -व्ही' या कमांडचं आउटपुट दोन्ही वेळचं जपून ठेवा. ड्रायव्हर बांधायचा तो दुसऱ्या रूपाला.

त्या आउटपुटमधले इंटरफेस एकेक करून वाचा. क्लास ०२, सबक्लास ०ई दिसला तर तो एमबीआयएम (मोबाइल ब्रॉडबँडचा प्रमाणित प्रोटोकॉल), आणि त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ३.८ पासून आहेच. क्वालकॉमची चिप क्यूएमआय हा त्या कंपनीचा प्रोटोकॉल बोलत असेल, तर ३.४ पासून 'क्यूएमआय-डब्ल्यूवॅन' ड्रायव्हर आहे. नुसते सीरियल पोर्ट असतील तर 'ऑप्शन' नावाचा ड्रायव्हर. त्या ड्रायव्हरच्या 'न्यू-आयडी' फाइलमध्ये आपला आयडी टाकून पाहा. चाललं, तर नवा ड्रायव्हर लिहू नका. आयडीच्या तक्त्यात एक ओळ वाढवून पॅच पाठवणं हे कमी दर्जाचं काम नाही, त्याने तो डोंगल वापरणाऱ्या सगळ्यांचं भलं होतं.

नाहीच चाललं, तर व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोजवर डोंगल जोडा आणि यजमान लिनक्सवर यूएसबीमॉन व वायरशार्क या टेहळणीच्या साधनांनी यूएसबीवरची सगळी देवाणघेवाण टिपा. प्रयोग करताना मोडेममॅनेजर ही मोडेम आपणहून हाताळणारी सेवा बंद ठेवा, नाहीतर ती आपल्याआधी पोर्ट उघडून बसते. पॅकेटवर १४ बाइटचं इथरनेट हेडर येतंय की थेट आयपी, हे इथेच तपासा. क्वालकॉमच्या नव्या चिप थेट आयपीच देतात. तिथे इथरनेट धरून चाललात तर जोडणी झालेली दिसेल, पण एकही पॅकेट कळणार नाही.

कोड चालवायला वेगळं जुनं मशीन घ्या, कर्नलचे संदेश नेटवर्कवरून दुसरीकडे धाडणारं नेटकन्सोल लावलेलं. कर्नल कोसळेल तेव्हा शेवटच्या ओळी दुसऱ्या मशीनवर हव्यात. मग मोठी फाइल उतरत असताना डोंगल उपसून काढा. तेव्हा यूआरबी (कर्नलने यूएसबीवर धाडलेल्या विनंत्या) अर्ध्या वाटेत असतात, ड्रायव्हरच्या 'डिस्कनेक्ट' फंक्शनने त्या थांबवल्या नसतील तर इथेच उघडं पडतं. एकदा निभावलं म्हणून थांबू नका, वीसदा उपसा.